बुवा कुठवर आला?

आमच्या साडूंनी जेवढे गायक वाचले, तेवढे या जगात कोणी ऐकलेही नसतील. अमेरिकेतले, विलायतेतले, काळे, गोरे, चर्चमध्ये गाता गाता स्टेजवर गेलेले आणि स्टेजवर गाता गाता वाया गेलेले, सगळ्यांची चरित्रं त्यांना तोंडपाठ. चरित्रं संपली की त्या गायकांवर बेतलेल्या कादंबऱ्या. आणि यातल्या एकाचंही एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, उल्हासनगरात याच लोकांच्या कॅसेटी हातगाडीवर मिळतात, आणू का एखादी?" तर चष्मा पुसत म्हणाले, "ऐकल्यावर मग वाचायला काय राह्यलं?" तसं त्यांच्यापुढे मला कधीच काही सुचलं नाही. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर माझं ते गप्प बसणं लोक आदर समजत आले आणि मीही समजू दिलं.

साडू अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे. घर जुन्या गावठाणात, आणि मागच्या दारात उभं राहिलं की कारखान्यांची धुरांडी. त्यांतल्याच एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. वडील त्या भागातले नावाजलेले भजनीबुवा. त्यांचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा असं म्हातारी माणसं सांगत. साडूंकडे बापाचा गळा आला नाही, ओढ तेवढी आली. मंडळी टाळ घेऊन बसली की हे मागे सतरंजीच्या सुरकुत्या काढत बसायचे. ज्याला गाता येत नाही त्यानं गाणाऱ्याचं आयुष्य तरी नीट वाचावं, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा.

ही पुस्तकं त्यांना मिळत उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीतल्या एका सिंधी रद्दीवाल्याकडे. कागदाच्या गिरण्यांसाठी परदेशातून रद्दीच्या गासड्या यायच्या, त्यांत कव्हर फाडलेली पुस्तकं असत. नाव नाही, लेखक नाही. साडू मधल्या गुळगुळीत पानांवरचे फोटो बघत. माइक दिसला की पुस्तक तराजूत. रद्दीवालाही तयार झाला होता. लांबूनच ओरडायचा, "आओ साईं, आज दो गवैये निकले हैं. एक पूरा है, एक के पाँव नहीं हैं." पाय नाहीत म्हणजे शेवटची पानं नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साडूंची आई अंथरुणाला खिळली. संध्याकाळी तिला पोथी वाचून दाखवायची असं ठरलं. पण चाळीस वर्षं बुवाच्या घरात काढलेली बाई ती. तिसऱ्या ओवीला म्हणाली, "ह्या सगल्या मना पाठ हायेत. तुझ्या त्या पुस्तकातला बुवा वाच." झालं. साडूंनी एका काळ्या गायकाचं चरित्र लाल फडक्यात बांधलं, पाटावर ठेवलं, उदबत्ती लावली आणि पहिली पाळी संपवून आले की पाय धुऊन वाचायला बसू लागले. इंग्रजी वाचायचं आणि तोंडातून मराठी काढायची. गायक कापसाच्या शेतातला, पोरगेलेसा असतानाच प्रार्थना म्हणता म्हणता नावारूपाला आलेला. पुस्तकात गाणं आलं की साडू त्याचे शब्द आपल्या वडिलांच्या एका भजनाच्या चालीवर, अगदी दबक्या आवाजात म्हणत. त्यांना गाताना मी फक्त त्या खोलीत ऐकलं.

म्हातारी चोखंदळ श्रोती होती. बुवाला हजारो लोक टाळ्या देत असताना ती विचारायची, "आनि त्याची बायको त्या दिशी काय जेवली?"

"ते नाय लिहिलं, आई."

"नायच लिवनार. बुवा बाहेर जेवून येतो, घरचं कोन लिवतो?"

पुस्तकात बुवाची तिसरी बायको आली तेव्हा साडूंना घाम फुटला. त्यांनी तिन्ही बायका मिळून एकच केली. त्यामुळे ती बाई एकदा काळी होई, एकदा गोरी, पण म्हातारीचा जीव तिच्यावर जडला.

एका रविवारी साडू माझ्याकडे बदलापूरला आले. चहा तसाच बाजूला सरकवला. मग म्हणाले, "साडूभाऊ, पुस्तक संपत आलंय."

"मग समाप्ती करा. गूळखोबरं मी आणतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझा मूर्खपणा कळला, कोणता ते मात्र कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील शेवटच्या दुखण्यात पोथी ऐकत होते, आणि शेवटचे अध्याय राहिले असतानाच गेले. ते म्हातारीच्या मनातून गेलं नव्हतं. तिनं साडूंना बजावलं होतं, "तुझ्या बापाची अर्धी राह्यली. माझी पुरी कर. पुरी झाली की मी सुटले." आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. "शेवट नकोय मला," साडू म्हणाले, "मधे जोडायला दुसरं एखादं पुस्तक आणा."

त्यांना रजा नव्हती, म्हणून मी कॅम्प तीनला गेलो. रद्दीवाल्यानं गासडी दाखवली. मला इंग्रजी पेपरातले मथळे वाचता येत असल्यामुळे आत्मविश्वास दांडगा. मधला फोटो पाहिला, हातात वाद्य होतं, पुस्तक जाड होतं, आणलं. तो निघाला रॉकवाला, केस खांद्यापर्यंत, आणि दर कार्यक्रमाच्या शेवटी स्टेजवर गिटार आपटून फोडणारा. साडू वाचता वाचता त्या पानात सापडले आणि तोंडातून निघून गेलं. ज्या घरात पखवाजाला हात लावण्याआधी नमस्कार करतात, त्या घरात बुवानं वाद्य फोडलं. म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. पेज घेईना, औषध घेईना. "त्या मेल्याचं नाव काढू नको माझ्याफुडं." शेवटी साडूंनी पुस्तकाबाहेर जाऊन बुवाला पश्चात्ताप करायला लावला. त्यानं रात्रभर बसून ते वाद्य सरसानं जोडलं, त्याला फूल वाहिलं, तेव्हा कुठे म्हातारीनं तोंड उघडलं.

मग ते असंच चालू राहिलं. एक पुस्तक सरलं की दुसऱ्यातला माणूस पहिल्याच्या अंगावर चढवायचा. बुवा केस वाढवी, कापी, दारू सोडी, पुन्हा धरी, पण मरत नसे. इकडे म्हातारी मात्र वाळत चालली होती. कूस बदलतानाही कण्हायची. एकदा मला दारातच गाठून ताई, म्हणजे साडूंची बायको, म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी यांना सांगा. सासूबाईंना आता पाणी गिळवत नाही, आणि हे बुवाला परत अमेरिका फिरवतायत."

सांगायचं ठरवून मी आत गेलो आणि साडूंना म्हणालो, "आज उकाडा फार आहे." माझी मजल तेवढीच.

साडूंनी लाल फडकं सोडलं. म्हातारीचा आवाज अगदी खोल गेला होता. "बुवा कुठवर आला?"

"नवीन दौरा निघालाय, आई. मोठा आहे."

म्हातारीनं डोळे मिटले. "कशाला रं त्याला हिंडवतोस? दमला आसल तो. आन आता त्याला घरी."

साडूंनी पान उलटलं. मी शेजारी बसलो होतो, मला पान दिसत होतं. त्यावर गायकाच्या रेकॉर्डांची यादी होती, दुसरं काही नव्हतं. तरी साडू बोट ठेवून वाचू लागले. बुवा गाडीतून उतरला. वाद्य खांद्यावर होतं. दार बायकोनंच उघडलं. तिनं पाय धुवायला पाणी दिलं.

"काय जेवला?"

"तांदळाची भाकर, सुकटाची चटणी."

"आनि ती?"

साडूंनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "ती पण बसली. त्याच्यासंगंच."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "आता गाऊ दे त्याला." साडूंनी पहिल्या पुस्तकातलं, वडिलांच्या चालीवरचं गाणं म्हटलं, या वेळी आवाज न दाबता. आवाज फाटला, तरी पुरं म्हटलं. ताईनं गूळखोबऱ्याचा कण म्हातारीच्या जिभेवर ठेवला. ती त्याच आठवड्यात गेली.

पुढे वर्ष लोटल्यावर मी न विचारता एक कॅसेट घेऊन मोरिवलीला गेलो. पहिल्या पुस्तकातल्या गायकाची, आणि तिच्यात तेच गाणं. साडू गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. ताई सैपाकघराच्या दारात उभी. गाणं संपल्यावर साडू म्हणाले, "गळा चांगला आहे." मग कॅसेट काढून माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "पण चाल चुकवतो."

मी हसलो होतो तेव्हा. आता साडू नाहीत, आणि ते गाणं कुठे दुकानात, लग्नाच्या हॉलमध्ये लागलं की मीही थांबतो. माणूस गातो छान. पण चाल चुकवतो हे खरं आहे. आणि इतकं गाऊन झाल्यावरही त्याला घरी कोणी आणत नाही.