जानू कोळ्याची दिल्ली

करावे गावच्या जानू कोळ्याला वर्षातून एकदाच सवड मिळायची, पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की. म्हणून १९५९च्या ज्येष्ठात तो दिल्लीला निघाला. त्याचा गणू मासेमारीला गेला असताना वादळात भरकटून परमुलखाच्या हद्दीत सापडला होता आणि तिथल्या तुरुंगात रक्त ओकत होता. संसदेत गाऱ्हाणं घातलं की पोरगा सुटतो, असं गावानं ठरवूनच टाकलं आणि अर्जावर साठ जणांचे अंगठे उमटवले.

संसदेपुढच्या चौकात चिटपाखरू नव्हतं. उघडं दार शोधत जानूनं त्या गोल इमारतीला दोन वळसे घातले, तेव्हा पहारेकरी हिंदीत खेकसला, "सभागृह बंद आहे. श्रावणात ये!"

श्रावणात? नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाणार. आणि गणू तोवर कसला जगतोय! जानूनं वर पाहिलं. ऊन रणरणत होतं, आभाळात औषधाला ढग नव्हता.

त्यानं पहारेकऱ्याची बाही घट्ट धरली आणि आपल्याच बोलीत विचारलं, "दादा, आमी दर्याला भिऊन बंद ठेवतो. तुमी कोनाला भिऊन ठेवलाय?"