साळवे मॅडम आणि शब्दांची भावकी

आज सकाळी साळवे मॅडम गेल्या.

त्यांना जर्मन येत नव्हतं. तरी मला जर्मन त्यांनीच शिकवलं.

मी जर्मनीत नर्स आहे हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इथवर पोचले कशी, ते कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते.

तेव्हा मी नगरला हॉस्पिटलात ड्यूटी करून जर्मनचा क्लास करत होते. सावेडीत मॅडमच्या बंगल्यात वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली त्या एकट्याच. रिटायर्ड संस्कृत टीचर.

ख्रिस्ती बाई संस्कृत शिकवणार म्हणून सुरुवातीला पालक कुजबुजायचे. पुढे तेच पालक मुलाला यांच्याच वर्गात घाला म्हणून हेडमास्तरांच्या मागे लागायचे. हे त्या हसत हसत सांगायच्या.

जर्मनच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी जामखेडहून आईचा फोन आला.

"बास झालं आता. घरी ये. चांगलं स्थळ आलंय."

मी जिन्यातच बसून रडले. मॅडम दार उघडून बाहेर आल्या.

"काय झालं गं मनीषा?"

"मॅडम, माझ्यानं न्हाई व्हायचं. एक शब्द डोक्यात राहत न्हाई. सगळं परकं हाय."

त्या आत गेल्या, चहा टाकला आणि मला समोर बसवलं.

"परकं? बघू तरी. दाताला काय म्हणतात?"

"त्सान."

"दंत. गुडघ्याला?"

"क्नी."

"जानु. आजानुबाहू म्हणतो ना आपण, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा? तोच जानु. दाराला?"

"ट्युर."

"द्वार. नावाला?"

"नामे," मी म्हणाले. आणि मलाच हसू आलं.

"मला जर्मन बोलता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण त्या घरातली माणसं मी चेहऱ्यावरून ओळखते. अगं, भावकी आहे आपली. फार जुनी. कधीतरी वेगळे निघाले, लांब राहायला गेले, बोलणं बदललं. परके नाहीत."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहा आणि भावकी.

त्यांनी मला रूल सांगितला. आपल्याकडे सुरुवातीला प असेल, तर तिकडे बऱ्याचदा फ होतो. पिता, फाटर. पाच, फ्युन्फ. पाय, फूस. मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. वॉर्डात पेशंटचा बीपी घेतानासुद्धा मी नाती जुळवत बसायचे.

एकदा पळतच खाली गेले.

"मॅडम, सापडला! हात आणि हांट!"

"नाही."

"अवो, सारखं तर हाय!"

"सारखं दिसतं म्हणून सोयरिक होत नाही. हात आला हस्तावरून. हांटचं मूळ कुणालाच पक्कं माहीत नाही. उगाच कुणाला भाऊ म्हणायचं नाही."

मी हिरमुसले. त्यांनी बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

क्लासमध्ये मी आकडे म्हणताना "नव" म्हणायचे. पुण्याहून आलेल्या मुली हसायच्या. नव नाही गं, नऊ. मॅडमना सांगितलं तर त्या एकदम खूश.

"संस्कृतात नवच आहे. जर्मनमध्ये नॉइन. तुझं नव लई जुनं हाय!"

आयुष्यभर शुद्ध भाषा शिकवलेली बाई माझ्यासाठी "लई जुनं हाय" म्हणाली. त्यानंतर मला माझ्या बोलण्याची लाज वाटली नाही.

तिसऱ्या वेळी पास झाले. आईला आधी मॅडमनीच फोन लावला. "तुमची लेक हुशार आहे, जाऊ द्या तिला." आई तिकडे रडत होती. पण नाही म्हणाली नाही.

इथे आल्यावर पहिला हिवाळा वाईट गेला. वॉर्डात एक आजोबा होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. मला हात लावू द्यायचे नाहीत. "दुसरीला पाठवा" म्हणायचे.

एक दिवस दुसरी कुणी नव्हती. त्यांना चालवायचं तर होतं. ते नाइलाजाने उठले आणि दात-ओठ खात पावलं मोजायला लागले. झेक्स, झीबन, आख्ट...

मी माझ्याच धुंदीत बरोबर मोजत होते. सहा, सात, आठ...

ते थांबले.

"काय म्हणालीस?"

"आमच्या भाषेत आख्टला आठ म्हणतात."

"आणि नॉइन?"

"नव."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाले, पुन्हा सांग, एकपासून. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आम्ही दोघं मोजत गेलो. त्यांनी माझा खांदा धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्यूटीवरच्या दुसऱ्या नर्सला सांगितलं, "ती आठवाली पाठवा."

मॅडमना फोन करून हे सांगितलं तेव्हा त्या आजारी होत्या, आवाज खोल गेला होता. तरी खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बघ, मला व्हिसा लागला नाही आणि मी जर्मनीत जाऊन आले."

आज त्यांच्या भाचीचा फोन आला. झोपेतच गेल्या. उद्या दफन आहे. मला जाता येणार नाही.

मॅडम, मी वेळेवर पोचू शकत नाही. पण आज मी जिथे उभी आहे, तिथे तुम्ही मला पोचवलंत. माझी भाषा लहान नाही, तिची माणसं जगभर आहेत, हे तुम्ही मला चहाच्या टेबलावर दाखवलंत. थँक्यू हा शब्द फार तोकडा आहे.

शेवटी नेहमीचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करायला घेतलं आणि थांबले. श्रद्धा हा शब्दही एकदा तुम्हीच उलगडून सांगितला होता.

"श्रत् म्हणजे हृदय, धा म्हणजे ठेवणं. जर्मनमधलं हेर्त्स त्याच कुळातलं. बहुतेक हं, शपथेवर नाही सांगत."

हृदय ठेवणं.

तेवढंच करते आहे, मॅडम. तुमच्या पायाशी.

शांत झोपा.

तुमची मनीषा