गोरज मुहूर्त, भर दुपारी

बडोद्याला समुद्र नाही. हिवाळ्याची संध्याकाळ वाडी भागातल्या पोळांवर, त्या चिंचोळ्या गल्ल्यांवर, उतरते तेव्हा उंधियूतल्या ओव्याचा आणि शेगड्यांच्या धुराचा वास हवेत रेंगाळतो. त्यात खाऱ्या वाऱ्याचा अंश शोधूनही सापडायचा नाही. अशा गावातला, संस्थानी फौजेत घोड्यांवर पिढ्या काढलेल्या घराण्यातला माझा धाकटा भाऊ अभय जहाजावर अधिकारी झाला. तो आपल्यासारखा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात चिकटला नाही, याचं बाबांना बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

सुट्टीवर आला की अभय क्रोनोमीटरविषयी बोलत बसे. लाकडी पेटीत जपलेलं ते घड्याळ, जहाज कुठेही जावो, ग्रिनिचचीच वेळ सांगतं. त्याच्या काट्यांना कुणी हात लावत नाही. माथ्यावरचा सूर्य इथली दुपार सांगतो, पेटीतलं घड्याळ दूरची वेळ सांगतं, आणि दोहोंतल्या अंतरावरून अथांग पाण्यावर आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत ते कळतं. असं घड्याळ नव्हतं तेव्हा मुरलेले खलाशीही, किनारा अजून दूर आहे अशा भ्रमात, खडकांवर जाऊन आदळत. कुठली तरी दूरची वेळ जपल्याशिवाय माणसाला स्वतःचा ठाव लागत नाही, ही कल्पना मला त्या वयातही फार हळवी वाटे. अभयला त्यात हळवं काही दिसत नसे. त्याची घड्याळावर नुसती श्रद्धा होती, आई गणपतीवर ठेवते तशी.

माझं लग्न ठरलं ते नव्वदच्या दशकात. अभयचं जहाज तेव्हा अटलांटिकमध्ये होतं आणि त्याला रजा मिळेना. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या, नवरदेवाचा कान पिळायचा, ही भावाची कामं. ती आता चुलतभाऊ करणार म्हटल्यावर मी रुसले, रडलेही. शेवटी कुठल्याशा बंदरातून त्याचा फोन आला.

"ताई, मुहूर्त गोरजच ना? बडोद्याच्या सूर्यास्ताची वेळ मी काढतो. त्या क्षणी इथून अक्षता टाकीन. मग मी नव्हतो असं म्हणायचं नाही."

त्या दिवशी सूर्य वेळेवर मावळला. आम्ही पडलो बडोद्याचे. नवरदेवाचे मकरपुऱ्यातल्या कंपनीतले गुजराती मित्र बँडपुढे गरब्याचा फेर धरून घोडी पुढे सरकू देईनात, आणि गरबा दिसला की इथल्या मराठी माणसाचेही पाय ताब्यात राहत नाहीत. बाबा विनवायला गेले, तर "काका, बस, छेल्लो राउंड" म्हणत, हा शेवटचाच फेर म्हणत पोरांनी त्यांनाच फेरात ओढलं, आणि बाबा चक्क दोन टाळ्या वाजवून आले. मुहूर्त टळला म्हणून गुरुजींचा चेहरा आंबला होता. अंतरपाट धरला गेला तेव्हा आकाशात चांदण्या उमटल्या होत्या. अभयच्या अक्षता केव्हाच पाण्यात पडून गेल्या असतील, या विचाराने मंगलाष्टकं मला नीट ऐकूच आली नाहीत.

आंब्याच्या दिवसांत अभय घरी आला. लग्नाच्या दिवशी इकडे सूर्य बुडत होता तेव्हा तिकडे जहाजावर तो माथ्यावर तळपत होता. आचाऱ्याकडून मागून आणलेले, हळद लावलेले तांदूळ त्याने डेकच्या कठड्याशी उभं राहून सोडले आणि कप्तानाने टोपी काढली, असं तो सांगत होता. त्या दुपारइतकं घराजवळ आपण कधीच नव्हतो, असंही म्हणाला. बाबांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मुहूर्त टळल्याचं त्याला सांगायचं नाही, हे काही न ठरवता आमचं सगळ्यांचं ठरलं होतं. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची आठवण मात्र कुणालाच राहिली नाही, आणि ती त्यानेच हौसेने व्हीसीआरमध्ये घातली.

पडद्यावर अंतरपाट आला. कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत वेळ दिसत होती. आईने घाईने आमरसाची वाटी पुढे केली. ती त्याने घेतली नाही. त्याचे ओठ किंचित हलले. तो मनातल्या मनात वजाबाकी करत होता. तेवढ्यात कॅमेरा मांडवाच्या उघड्या बाजूकडे वळला, आणि दिव्यांच्या माळांमागे काळंभोर आकाश दिसलं. आकाश वाचण्यावर ज्याची भाकरी, त्याला आणखी काय सांगायचं? आता खरं बोलून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"ताई," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "शूटिंगवाल्याचं घड्याळ खोटं आहे."

हे त्याने मनापासून म्हटलं की माझ्यासाठी, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही. मी फक्त "हो" म्हणाले. पडद्यावर अक्षतांचा वर्षाव चालला होता, आणि त्यांतल्या काही त्याच्या असणं मला मुळीच अशक्य वाटलं नाही.