शिशाने दगा दिला ती दुपार

१४ एप्रिल १९४६ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, देवळाली प्रवरा येथील आमच्या माजघरात, शिशाने आपला गुणधर्म सोडला.

मला एम.एस्सी.साठी मुंबईला जायचे होते आणि कोपरगावचे एक स्थळ होकाराची वाट पाहत होते. शाळेत गणित शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी, नानांनी, कोरे पोस्टकार्ड समोर ठेवून निवाडा दिला होता: माझा प्रयोग पटला तर कार्डावर नकार, नाही तर होकार.

उपकरण घरीच बांधलेले. काचेच्या बरणीला मेणाचे बूच, बुचातून पितळी काडी, काडीच्या खालच्या टोकाला मिठाईवरच्या वर्खाची पट्टी. रेशमावर घासलेली फणी काडीला टेकवली की विद्युतभाराने पट्टी बाजूला फाकून उभी राही. काडीच्या डोक्याशी बापूमामांचे लष्करातले, अंधारात चमकणारे रेडियमचे घड्याळ ठेवले की किरणांमुळे भार गळून ती खाली येई. मधला पदार्थ जितके किरण शोषील, तितका तिला पडायला उशीर. तत्त्व निर्दोष होते. (प्रयोगकर्तीबद्दल पुढे कळेलच.)

पुठ्ठ्याने किरणांना जवळजवळ अडवलेच नाही. गुळाच्या ढेपेने बरे अडवले, पितळी झाकणाने त्याहून बरे. नाना मान डोलावू लागले. आता शिसे, पट्टी मिनिटभर तरी पडणार नाही, असे मी जाहीर केले.

ती नऊ सेकंदांत पडली.

"मालू, तुझ्या शिशापेक्षा आमचा गूळ बरा की गं," मामा म्हणाले.

मी शिशाचा पत्रा दुहेरी केला. सहा सेकंद. चौपदरी केला. चार! नानांनी पेनाचे टोपण काढले आणि कार्डावर पत्ता घातला.

इतक्यात दारातून शेजारच्या ठकूबाई आईला म्हणाल्या, "लई नजर लागली हाय बरनीला. वैनी, आजून एक निरांजन लावा."

आजून?

मी पट्टीवर खिळलेली नजर उचलली. (निरीक्षण हा विज्ञानाचा पाया आहे, असे मी मैत्रिणींना नेहमी सांगत असे.) बरणीच्या पलीकडे, काडीच्या डोक्याला जवळजवळ चिकटून, तीन निरांजने तेवत होती.

"शिशाच्या वेळी तुझे हात कापायला लागले, म्हणून लावलं एक," आई म्हणाली. "गुण येईना, म्हणून वाढवत गेले."

"नाना, थांबा!"

मी शिसे काढले, मामांना घड्याळासह अंगणात पाठवले आणि पट्टीला पुन्हा भार दिला. आता समोर फक्त निरांजने होती. पट्टी तत्काळ कोसळली. ज्योतीमुळे हवेतून वीज वाहू लागते आणि भार त्या वाटेने निसटतो, हे मी एका दमात सांगितले.

नानांनी कार्ड पुढे ओढले. मग दोन ओळी लिहून त्यांनी कार्ड माझ्या हाती दिले. नकार होता.

"जा मुंबईला," ते म्हणाले. "आई मात्र इथंच राहील."

निरांजने देवघरात गेली, घड्याळ परत आले. शिशाचा खरा आकडा आता तरी हवा होता. पट्टी ताठ उभी होती, पाऊण मिनिट उलटले, आणि मुंबईला निघालेल्या लेकीला ओवाळायला आई आनंदाने तबक घेऊन आली.

त्या दिवसाची माझी शेवटची नोंद: शिसे, चौपदरी, औक्षणासह, दोन सेकंद.