कड्याकडे सरकलेली खूण

थिओडोलाइटला डोळा लावला, भिंग पुसलं आणि पुन्हा लावला. बोगद्याच्या तोंडावरची आमची खूण शेजारच्या कड्याकडे सरकली होती. सकाळी तीच खूण रेषेत होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतच्या पुढे घाटात बोगद्याची खोदाई दोन्ही टोकांकडून चालू होती. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. ती दाखवेल त्या दिशेनं सुरुंग लागायचे. रेघ चुकली तर दोन्ही बोगदे डोंगराच्या पोटात एकमेकांना हुकणार, आणि सर्व्हेअर म्हणून माझी नोकरी जाणार.

मुकादम ठोंबरे विचारायला आले, "साहेब, सुरुंग भरू का नाय? मानसं बसून हायत."

त्यांना थांबवलं. तेवढ्यात आमचे चीफ इंजिनिअर आले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि उलट खूशच झाले.

"गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकतो. एवढा डोंगर शेजारी आहे. तसंच रिपोर्टमध्ये लिहू."

साहेबांचंही बरोबरच होतं म्हणा. दोष डोंगराचा ठरला की प्रश्न मिटला; डोंगराला मेमो देता येत नाही. पण मला राहवेना.

"सर, त्याला सूर्याएवढं वजन लागतं, तेव्हा कुठे किरण नखभर वळतो. शिवाय डोंगर सकाळीही इथंच होता. तो काय दुपारी जड होतो?"

पाण्यात काठी मोडल्यासारखी दिसते, ते अपवर्तन. तापलेली हवा विरळ, थंड हवा दाट. दोन्हींच्या थरांतून जाताना किरण दाट हवेकडे वळतो. गुरुत्वाकर्षणाला मध्ये हवा-पाणी काही लागत नाही, पोकळीतही ते किरण वळवतं. इथं कडा तव्यासारखा तापला होता आणि आमची रेघ त्याला खेटून जात होती. किरण कड्यापासून दूर वळत डोळ्यात शिरत होता, म्हणून खूण उलट कड्याकडे सरकलेली दिसत होती.

"उद्या पहाटेपर्यंत काम बंद ठेवा," मी म्हणालो.

"आणि तू चुकलास तर?"

तरी एका रात्रीपुरतं थांबायला ते तयार झाले.  दर थोड्या वेळानं जाऊन कड्याला हात लावत होतो. संध्याकाळ उलटली तरी दगड कोमट होता, आणि मला धीर धरवत नव्हता.

पहाटे साहेबांनी स्वतः डोळा लावला. खूण रेषेत होती. ऊन कड्यावर चढलं तशी ती त्यांच्या डोळ्यांदेखत सरकू लागली. ते दुर्बिणीपासून बाजूला झाले. ठोंबऱ्यांना म्हणाले, "सकाळच्या रेघेवर भरा."

पुढे दुर्बीण कड्यापासून लांब नेली आणि मोजणी पहाटेच ठेवली. दोन्ही बोगदे भेटले तेव्हा भिंतींत वीतभरही फरक नव्हता. तेव्हापासून एक सवय लागली: दोष डोंगराला द्यायचा असो की माणसाला, आधी तेच माप दुसऱ्या वेळी घेऊन पाहायचं.