डोंगरावरचं ते धुकं नव्हतं

"बाई, तुम्ही कधी दगडाच्या खाणीत कामाला होता का?" कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी विचारलं. माझा एक्स-रे त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता.

"नाही. मी शाळेत शिकवते."

"मग शाळा कुठं आहे?"

दीड वर्षात माझे तीन डॉक्टर झाले होते. हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. शाळा आजऱ्याकडच्या एका डोंगराच्या पायथ्याशी, आणि बरोबर तिच्या डोक्यावर खडीचं क्रशर, म्हणजे दगड फोडायचं यंत्र. नव्वद सालानंतर कधीतरी ते सुरू झालं. मी तिथं दहा वर्षं शिकवत होते.

डॉक्टर म्हणाले, "सिलिकोसिस." दगडाची पिठासारखी भुकटी श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसते, तिथं वण पडतात. ते औषधानं पुसले जात नाहीत.

मला रडू आलं नाही. संताप आला.

सुरुवात साध्या खोकल्यानं झाली होती. मग शाळेच्या चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. पहिले डॉक्टर खडूची धूळ म्हणाले, दुसरे दमा. तिसऱ्यांनी एक्स-रेवरचे डाग बघितले आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी सहा महिने लघवी लाल होत होती. शाळेत माझा चहाचा कप वेगळा ठेवला गेला. बहिणीला मुलगी झाली, तिला मी मांडीवर घेतलं नाही. जो आजार मला नव्हताच, त्यापायी!

कोल्हापुरात स्पायरोमेट्री झाली. नाकाला चिमटा लावून नळीत जीव तोडून फुंकायचं. फुफ्फुसात किती दम उरलाय ते कळतं. बाकावर नवरा, प्रकाश, माझी पर्स छातीशी धरून बसला होता.

मी डॉक्टरांना म्हटलं, "पण थंडीत आमच्याकडं नुसतं धुकं असतं. धूळ कुठं दिसते?"

"ते उन्हानं विरतं?"

विरत नव्हतं. भर दुपारीही समोरचा डोंगर पुसट दिसायचा.

"धुकं पाण्याच्या थेंबांचं. ऊन तापलं की जातं. थंडीत गार हवा खोलगट जागेत साचते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. मग धूळ तिथंच तरंगत राहते. उजेड तिच्यावर आदळून विखुरतो, म्हणून डोंगर धुरकट दिसतो. तुम्ही तेच श्वासात घेता."

आणि मी पोरांना खिडकीशी उभं करून त्या 'धुक्या'वर निबंध लिहून घेतले होते.

ग्रामसभेत मी उभी राहिले. क्रशरचा मालक खुर्चीवर रेलून हसला. "बाई, डोंगर म्हटल्यावर धुकं असणारच की! तुमास्नी टीबी झालाय, तर आमच्यावर कशाला ढकलताय?"

मी एक्स-रे त्याच्या पुढ्यात धरला. "ह्यो तुमचा दगड हाय. माझ्या छातीत हाय. न्या परत!"

सरपंच म्हणाले, "बाई, खाली बसा." मी बसले नाही. मागून एक आई उठली, "माझं पोरगं बी खोकतंय." मग दुसरी उठली. त्यानंतर कुणाला बसवणं सरपंचांना जमलं नाही.

वर्षभर अर्ज, खेपा, तपासण्या. तपासणीला साहेब येणार असले की धूळ उडू नये म्हणून खडीवर पाणी मारलेलं असायचं. शेवटी क्रशर हललं, पण पलीकडच्या खोऱ्यात, दुसऱ्या गावाच्या डोक्यावर.

आज मी थांबत थांबत चालते. आहे तेवढा दम टिकलाय. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझी शाळा कुठं आहे ते विचारलं. तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी डॉक्टरांना सांगा. कुठं राहता, घराच्या वर काय चालतं, सगळं सांगा.

गेल्या थंडीत प्रकाशला घेऊन मी पलीकडच्या गावात गेले. नळावरच्या बायकांनी विचारलं, "कुठलं पावणं? कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच," मी म्हटलं. कठड्यावर बसले, दम खाल्ला आणि पिशवीतून एक्स-रे बाहेर काढला.