श्वासाच्या रकान्यातले अठरा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की नजर आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. मी तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

एका खासगी दवाखान्यात हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक शेतकरी दगावला. सिस्टरने चुकीचं इंजेक्शन दिलं, अशी मुलाची तक्रार होती. बाहेर जमाव जमला, "सिस्टरला आमच्या हवाली करा" म्हणू लागला. आम्ही तिला ठाण्यात आणून बसवलं, आकस्मिक मृत्यूची नोंद केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि कागदपत्रं जप्त केली.

दुपारी वॉर्डातल्या आयाबाईचा फोन आला. "साहेब, इंजेक्शनचं सोडा. त्यांच्या बायकोला इचारा. ती कालपासून सांगून राहिली होती."

बायकोचा जबाब घ्यावा, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. मुलगा बोलतोय म्हटल्यावर आईला कोण विचारतो?

"मी त्यांच्या उशाला जपमाळ घेऊन बसले होते," बोलावून विचारल्यावर शेतकऱ्याची बायको म्हणाली. "पयल्या दिशी त्यांचा एक श्वास, माझा एक मणी, आसं चाललं होतं. काल सकाळपासून हात पुरंना साहेब. श्वास लई घाईत होता. सिस्टर म्हणली, ताप न्हाई, बीपी बरोबर हाय."

मी केसपेपर काढला. नाडी, रक्तदाबाचे आकडे बदलत होते. श्वासाच्या रकान्यात मात्र पहिल्यापासून अठरा. मृत्यूच्या तासभर आधीही अठरा.

कागद सिस्टरपुढे ठेवला. "हे अठरा कधी मोजले?"

तिने रकान्यावरून बोट फिरवलं. "मोजले न्हाईत साहेब. बाकीचं मशीन दाखवतं. श्वासासाठी मिनिटभर उभं राहावं लागतं. आम्ही सगळेच अठरा लिहितो." आणि ती रडू लागली.

मला तिचा भयंकर राग आला. तो संध्याकाळपर्यंतच टिकला. टेबलावर आमच्या कोठडीची नोंदवही आली: दर तासाला, एकाच शाईत, 'आरोपी झोपलेला, प्रकृती ठीक'. खाली माझी सही. मी उठलो, कोठडीतल्या दारुड्यासमोर घड्याळ धरून उभा राहिलो आणि पूर्ण मिनिट त्याचे श्वास मोजले. त्यानंतर माझ्या ठाण्यात तसा नियमच झाला.

शवविच्छेदनात न्यूमोनिया निघाला. इंजेक्शनचा आरोप टिकला नाही, हलगर्जीपणाचा टिकला. ताप यायच्या आधीच श्वास वाढू शकतो, तेव्हाच लक्ष दिलं असतं तर माणूस कदाचित वाचला असता, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

हे त्या शेतकऱ्याच्या पत्नीला सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे माझं मोजणं बरोबर होतं?"

हो म्हणताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.